पेंटेलिक

व्यंकटीनं बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केलं आणि वैजनाथ सरांचा पाय उंबऱ्यातच थबकला. झालं ते एवढंच. शुक्रवारची दुपार, नांदेडचं जूनमधलं ऊन, हातात इंग्रजीच्या वह्यांचा गठ्ठा, आणि समोर क्लासच्या नव्या इमारतीच्या दालनात दोन मजले उंच पांढरीशुभ्र संगमरवरी भिंत. तिच्यापुढं शिडीवर चढलेला देगलूरकडचा फरशीवाला व्यंकटी. बाई बाजारात माठ घेताना वाजवून बघते, तसा तो आपण बसवलेला एकेक दगड वाजवून बघत होता. खालच्या ओळींतून मुका, भरीव आवाज आला. वरच्या ओळींना हात लागला तसा आवाज फिरला. टक, टक. आत कुणी बसलेलं असावं आणि त्यानं हळूच ओ द्यावी, तसा. सरांच्या तळहातांना वह्यांचे पुठ्ठे चिकटले, आणि पोटाच्या तळाशी पंचवीस वर्षं डोळे मिटून पडलेलं जे जनावर होतं, त्यानं कान टवकारले.

"या की सर आत," व्यंकटी वरून म्हणाला. "दारात काहून उभे?"

"हितंच बरंय."

दार आणि वैजनाथ सर ही जोडी क्लासमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. ते शिकवायचे दाराशी उभं राहून, जेवायचे दाराशी बसून. पोरांनी त्यांचं नावच दरवाजा सर पाडलं होतं. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांच्या क्लासात इंग्रजीचा मास्तर म्हणजे भाजीवरची कोथिंबीर, त्यामुळं त्या नावाचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. तरोड्याला त्यांचं स्वतःचं घर होतं, त्यावर पत्रे. इंदूबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, उन्हाळाभर म्हणायच्या, आहो, सारं नांदेड स्लॅबखाली झोपतंय, आपणच काय भट्टीत भाजून घ्यायचं? सर दिवेलागणीला देवापुढं निरांजन लावून झालं की कोपऱ्यात तांब्या पालथा, त्यावर पेला, पेल्यावर वाटी, वाटीवर चमचा, अशी उतरंड रचायचे. जमीन जराशी जरी हलली तरी चमचा आधी पडेल आणि जाग येईल. लातूरकडच्या त्या पट्ट्यातल्या किती घरांनी भूकंपाच्या त्या सालानंतर अशी उतरंड लावली, आणि पुढं एकेकानं कधी मोडली, हे कुणी मोजलं नाही. सरांची मोडली नव्हती. दोनदा तर त्यांनी चालू वर्ग रिकामा केला होता. "उठा, बाहेर चला, पुस्तकं राहू द्या." एकदा बाहेरून उसाचा ट्रक जात होता. दुसऱ्यांदा रस्त्याचं काम चालू होतं, रोलर फिरत होता. तेव्हापासून मागच्या बाकावरचं कुणीतरी मुद्दाम बाक हलवायचं आणि साळसूदपणे विचारायचं, "सर, हललं का?" सगळा वर्ग हसायचा. सरही हसायचे, पण हसताना त्यांचा एक हात चौकटीवर असायचा.

आणि ही भिंत तर त्यांच्याच एका शब्दातून उभी राहिली होती. दोन वर्षांपूर्वी फळ्यावर ते डोंगरांच्या नावांवरून झालेली विशेषणं लिहीत होते. ऑलिंपसवरून ऑलिंपियन. मग ग्रीसमधला पेंटेलिकस डोंगर, त्याच्या संगमरवरासाठी जगभर नावाजलेला; त्याच्यावरून पेंटेलिक. सर रंगून सांगत होते, पोरांनो, अथेन्सच्या टेकडीवरचं देवीचं मंदिर याच दगडाचं. ताजा कापला की दुधासारखा, आणि शेकडो वर्षं ऊन खाल्लं की अंगावर मधाची छटा चढते. लोखंडाचा अंश असतो ना आत, म्हणून. त्या वेळी राघवेंद्र सर, क्लासचे मालक, खिडकीशी उभे होते. हदगावच्या कापसाच्या रानातून आलेला, भौतिकशास्त्र जिभेवर असलेला, पोरांवर जीव टाकणारा माणूस. त्यांना तो शब्द फार भावला. निवडक साठ पोरांच्या बॅचला त्यांनी नाव दिलं, पेंटेलिक. मग इमारत बांधली तिलाही तेच. आणि नाव पेंटेलिक म्हटल्यावर भिंत विटांची कशी चालेल? दुकानदारानं चिठ्ठी लावलेला दगड दाखवला, यांनी घेतला. "ग्रीसचा म्हनं," व्यंकटी पहिल्याच दिवशी हसला होता. "मी सहा वर्सं राजस्थानात काढली, सर. ह्याची जात वळखतो मी. पण नाव लई गोड हाय." विशेषण असं असतं. ज्याच्यासाठी घडलं ते सोडून कुणाच्याही गळ्यात जाऊन बसतं.

व्यंकटी आता शिडीवरून उतरला, कमरेचं फडकं काढून हात पुसले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वरच्या तीन ओळी बोलून राहिल्यात, सर."

"बोलून राहिल्यात म्हणजे?"

"पोकळ. मागचा गिलावा गुळगुळीत व्हता. टाकी मारून खडबडीत कराया पायजे व्हता, अन् एवढ्या उंचीवर दगडाला मागून पितळी पिना पायजेत. म्या सांगितलं मालकाला. ते म्हनले, रविवारी उद्घाटनाचा कार्यक्रम होऊ दे, मग बघू. म्या बी घाई केली. माजं बी चुकलंच."

"पडंल?"

"आज न्हाई पडायचा. उद्या बी न्हाई. कवा पडंल ते दगडालाच ठावं. पर पडला, तर एक पडून थांबत न्हाई. वरचा खालच्याला घेऊन येतो."

सर परत फिरले. वह्या रिक्षातच राहिल्या हे त्यांना घरी आल्यावर कळलं. डोक्यात तेवढा एक आवाज होता. टक, टक. तो आवाज त्यांना नवा नव्हता, हीच तर भीती होती. तेरणाकाठच्या त्यांच्या गावात घरं दगडाची, हातभर जाडीच्या भिंती, दगडात चिखल भरलेला आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. अशा घराला कोण नावं ठेवील? त्यांचे वडील अण्णाराव कीर्तनात टाळकरी. शेतकरी माणूस, पण हात टाळाचा. हातात टाळ नसला तरी हात थांबायचा नाही. जेवायला बसले की ताटाच्या कडेवर, एसटीची वाट बघताना खांबावर, सुपारी कातरून झाली की अडकित्त्याचं टोक ओट्याच्या दगडावर. राम, कृष्ण, हरी. दोन ठोके, दोन ठोके, जरा थांबून दोन ठोके. आई म्हणायची, ह्यांच्या बोटात देव बसलाय. सोळा वर्षांच्या पोराला त्याची गंमत वाटायची. गणपती बुडवले त्या दिवशी आई माहेरी होती. वडील विसर्जनात टाळ वाजवून दमून घरात झोपले, आणि वैजनाथ रानात आखाड्यावर गेला, गोठ्यात बैलांपाशी. पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. वैजनाथनं जगाला सांगितलेलं मात्र निम्मंच होतं. त्यानं सांगितलं होतं की आखाड्यावरून तो गावात पोचला तेव्हा दुपार झाली होती, जवान आले होते. सगळ्यांनी ते खरं मानलं. का मानू नये?

पण तो दिवस फटफटतानाच पोचला होता. गाव नव्हतं. दगडांचा एकच मोठा ढीग होता आणि त्यातून धूळ उठत होती, त्यावर पावसाची भुरभुर. आपलं घर कुठं हेही कळेना. मग एका जागी, पायाखाली, त्याला ऐकू आलं. दोन ठोके, दोन ठोके, जरा थांबून दोन ठोके. तो खाली पडला, कान दगडाला लावला, हातात सापडला तो दगड घेऊन वरून तसंच ठोकलं. आतून उत्तर आलं, लगेच, घाईनं, जणू हसून. त्यानं दगड उचलून फेकायला सुरुवात केली. सात-आठ फेकले असतील. आणि जमीन पुन्हा हलली. शेजारची अर्धी उभी राहिलेली भिंत वरून वाकली, तिच्यातला एक दगड त्याच्या पुढ्यात येऊन पडला. वैजनाथ उठला आणि पळाला. नुसता पळाला. नदीकडच्या ज्वारीत जाऊन तो कानांवर हात ठेवून बसला, आणि कानांवर हात ठेवले तरी ते थांबत नव्हतं. दुपारी जवानांना घेऊन आला तेव्हा ठोके थांबले होते, आणि सगळे दगड सारखे दिसत होते. "इथं," तो म्हणाला. तिथं शेजाऱ्याचं जातं निघालं. अण्णाराव दुसऱ्या दिवशी निघाले, तिथून वीस हातांवर. मुठीत अडकित्ता होता, त्याचं टोक पार बोथट झालेलं. लोक म्हणाले, जुना असेल. पोरगा म्हणाला, हाव, जुनाच होता.

शनिवारी सकाळी वैजनाथ सर राघवेंद्र सरांच्या खोलीच्या दारात उभे राहिले. बोलायचं म्हणून त्यांनी रात्रभर शब्द लावले होते, ते तोंडात आले तेव्हा सुटे झाले. "वरच्या ओळी पोकळ हायत, सर. म्या ऐकलं."

"व्यंकटी बोलला होता मला," राघवेंद्र सर फायलीतून डोकं वर काढून मायेनंच म्हणाले. "कार्यक्रम झाला की काढून घेऊ दोन-चार दगड. पाहुणे येऊन राहिलेत, कीर्तनाला महाराज यायलेत. एका दिवसानं काय होतंय?"

"एका दिवसात लई होतंय."

राघवेंद्र सरांनी फाईल मिटली. मग उठून आले, सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा मान ठेवून बोलतो, वैजनाथ सर. दोनदा वर्ग रिकामा केला तुम्ही. ट्रक निघाला. रोलर निघाला. तुमच्यावर जे गुजरलं ते मला ठावं हाय, म्हणून मी हसलो नाही कधी. पण तुम्हाला चहाच्या कपात बी भूकंप दिसतो. घरी जा. आराम करा."

यात खोटं काहीच नव्हतं. पंचवीस वर्षं ज्यानं रोज भ्यायचं काम केलं, त्याच्या भीतीला आता कुणी का विचारावं? सर जिना उतरले तेव्हा त्यांना आपल्या भ्याडपणाचा पहिल्यांदाच असा राग आला की भीतीसुद्धा क्षणभर मागं सरली. आणि लगेच पुन्हा पुढं आली.

घरी शिवांगी पेटीत डोकं घालून बसली होती. सरांची एकुलती एक, सतरा वर्षांची, पेंटेलिक बॅचमधली. "पप्पा, आजोबांचे टाळ कुठं ठेवलेत? उद्या आम्ही साठजणं महाराजांच्या मागं टाळ घेऊन उभं राहणार आहोत. राघवेंद्र सर म्हणाले, इंग्रजी मीडियमची पोरं टाळ वाजवतात हे लोकांना दिसलं पाहिजे."

"मागं म्हणजे कुठं?"

"भिंतीला लागून. अजून कुठं?"

सर पाणी प्याले. "तू उद्या जाऊ नको. ताप आलाय म्हण."

पोरीनं बापाकडं पाहिलं. तिला बापाचं सगळं ठाऊक होतं, म्हणजे जगाला ठाऊक होतं तेवढं. "ताप कुठं आलाय? आणि मी नाही गेले तर माझ्या जागेवर मेघना उभी राहील. काय झालंय का, पप्पा?"

"काय न्हाई."

मेघना उभी राहील. म्हणजे जागा रिकामी राहत नाही, दगडाखाली कुणीतरी असतंच. शिवांगीला फडक्यात गुंडाळलेले टाळ सापडले. ढिगाऱ्यातून निघाले तेव्हा एकाची कड चेपली होती, तेवढंच. तिनं ते ओट्यावर बसून वाजवून पाहिले. दोन, दोन, जरा थांबून दोन. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सरांना वाटलं, आता आपण ओरडणार. पण त्यांनी फक्त कोपऱ्यातली उतरंड उगीच नीट केली.

रविवारी चारला कीर्तन सुरू झालं. लोह्याचे शिवलिंग महाराज, सत्तरीचे, काटकुळे, पण आवाज असा की ऐकणाऱ्याच्या छातीत घर करावं. सरांना कीर्तनाचं वेड लहानपणापासूनचं. देव आहे की नाही असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही; तो आहेच, आणि त्यानं ते ठोके ऐकले आहेत, एवढंच त्यांचं त्याच्याशी अवघड नातं होतं. ते नेहमीसारखे दाराशी बसले. समोर पाहुणे, आईबाप, चारशे माणूस. महाराजांच्या उजव्या हाताला वीणेकरी, डाव्या हाताला पखवाज, मागं साठ पोरं दोन रांगांत, आणि त्यांच्या मागं ती भिंत. दुधासारखी पांढरी. महाराज सांगत होते की लेकराची हाक आईला शंभर आवाजांत वेगळी ऐकू येते, तसा देव. लोक डोलत होते. मग गजर लागला आणि साठ टाळ एकदम पडले. सरांना पायांतून कळलं. आवाज भिंतीत जात होता आणि वरच्या तीन ओळी तो परत देत होत्या, किंचित उशिरा, किंचित पोकळ. दोन, दोन, थांबून दोन. दुसऱ्या फेरीला दगडाच्या सांध्यातून पिठासारखी पांढरी धार सुटली. अगदी बारीक. कुणाचं लक्ष नव्हतं. ती शिवांगीच्या केसांवर, भांगावर, वेणीवर उतरली. ती डोळे मिटून वाजवत होती.

पुढं काय झालं ते सरांना नंतरही नीट आठवलं नाही. आठवतं ते हे की पाय भाजत होते. त्यांनी खाली पाहिलं. डांबर. ते रस्त्याच्या पलीकडं, झेरॉक्सच्या दुकानासमोर अनवाणी उभे होते, आणि दोन्ही हात कानांवर होते. पुन्हा पळालो. ज्वारी नव्हती, एवढाच फरक. दालनातून गजर येत होता आणि दुकानवाला विचारत होता, "काय झालं, सर? पाणी देऊ का?" सरांनी कानांवरचे हात काढले. फार जड होते ते, पंचवीस वर्षं जागचे हलले नव्हते. हात काढल्यावर ऐकू आलं ते मात्र नुसता आवाज नव्हता. आत साठ लेकरं होती, अजून वाजवत होती, अजून जिवंत होती. ठोके थांबले नव्हते. हे त्यांना फार हळू कळलं, आणि कळलं तसे ते रस्ता ओलांडून परत निघाले. भीती गेली नव्हती. चारशे माणसांतून वाट काढत ते पुढं गेले. ओरडून उपयोग नव्हता. दरवाजा सर ओरडले तर पोरं हसली असती, आणि हसली नसती तर एकमेकांना तुडवत पळाली असती. म्हणून त्यांनी कीर्तनात कुणीही करतं तेच केलं. महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. रीतीप्रमाणं महाराजही वाकले, आणि दोघांची डोकी जवळ आली.

"महाराज, ही भिंत पोकळ हाय. पडायली. लोक माझं ऐकत न्हाईत, मी भेकड हाय म्हणून." आणि मग जे इंदूबाईंनाही सांगितलं नव्हतं ते आपोआप बाहेर आलं. "माझा बाप दगडाखाली ह्याच ठेक्यात वाजवत व्हता. म्या ऐकलं अन् पळालो."

महाराजांनी त्यांच्याकडं पाहिलं. एक आवर्तन होईपर्यंत पाहिलं. मग काही न विचारता हात वर केला, आणि गजर न तोडता त्याच सुरात म्हणाले, "मंडळी, देवाला भिंतीत कोंडून ठेवायचं नसतं. आज आपली दिंडी रस्त्यानं फिरू द्या. वीणा पुढं, टाळकरी लेकरं तिच्या मागं, मग बाकीचे. गजर थांबू द्यायचा न्हाई." वीणा निघाली की टाळ निघतात, यात विचारायचं काय? वीणेकरी वळला. पोरांच्या रांगा त्याच्या मागं सुटल्या, नाचत, पावली टाकत. सर भिंतीपाशी उभे राहिले, पाठ संगमरवराला लावून, आणि मागं रेंगाळणाऱ्या एकेकाला हातानं पुढं काढत राहिले. शिवांगी जवळ आली. "पप्पा, चला की."

"तू हो पुढं. मी सगळ्यांत मागून येतो."

ती थबकली. तिच्या बापाच्या तोंडून हे वाक्य तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. मग रांगेनं तिला पुढं नेलं.

दालन रिकामं झालं. सतरंज्या, विसरलेल्या बाटल्या, बुक्क्याचं ताट. राघवेंद्र सर पाहुण्यांना बाहेर सोडून परत आत आले, चेहरा लालबुंद. मागं व्यंकटी. "काय केलंत हे? सगळा कार्यक्रम रस्त्यावर? पडली का भिंत? सांगा, पडली का?"

"न्हाई."

"मग?"

"म्या हितंच उभा हाय," सर म्हणाले. शब्द तुटक येत होते. "मला लई भ्या वाटून राहिलंय, सर. तुम्ही तर भीत न्हाई. या. माझ्याजवळ येऊन उभे राहा. मग मी माफी मागतो सगळ्यांची."

राघवेंद्र सर तरातरा निघाले. पाच पावलं आले, सहा आले. सतरंजी संपून भिंतीलगतची मोकळी फरशी लागते तिथं, पांढऱ्या भुकटीची एक बारीक रेघ पडली होती. तिच्यावर सरांच्या अनवाणी पायांचे ठसे होते. राघवेंद्र सरांनी ती पाहिली. मग मान वर करून पाहिलं, फार वेळ पाहिलं. त्यांचा उचललेला पाय रेघेच्या पलीकडं पडला नाही. तो त्यांनी सावकाश मागं घेतला. बाहेर गजर कोपऱ्यापर्यंत गेला होता. "व्यंकटी," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "दार बंद कर. कुणाला आत सोडू नको. अन् शिडी आण." आणि मग, अजून खाली, "वैजनाथ सर, या ना इकडं. या की बाहेर."

सरांना यायचं होतं. पाय निघत नव्हते. रस्त्यावरून साठ टाळांचा आवाज इमारतीला वळसा घालून आता मागच्या बाजूनं, भिंतीच्या पलीकडून येत होता, आणि त्यात चेपल्या कडेचा एक टाळ वेगळा ओळखू येत होता. दोन, दोन, जरा थांबून दोन. सरांनी बोट वाकवलं आणि भिंतीवर पेरानं ठोकलं. दोन. दोन. थांबले. हात मागं घेतला नाही. मग उरलेले दोन.